निकाहनाम्यात एक कलम कमी आहे

हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या करार विभागात मी अकरा वर्षं काम करते आहे. परदेशी ग्राहकांबरोबरचे करार वाचायचे, धोक्याच्या जागी खूण करायची, वरच्यांना कळवायचं, एवढंच ते काम. पण प्रत्येक करारात शेवटच्या पानांवर एक कलम हमखास असतं. या करारावर अमुक देशाचा कायदा लागू राहील, आणि वाद झाला तर तो अमुक शहरातल्या न्यायालयात चालेल. चाळीस पानांच्या करारात हे कलम चार ओळींचं, आणि त्या चार ओळींवर दोन्हीकडचे वकील आठवडा-आठवडा घासाघीस करतात. डेलावेअर की इंग्लंड? मुंबई की सिंगापूर? काम नीट चाललं तर हे कलम कुणी उघडूनही बघणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि बिघडलं तर सगळ्यात आधी तेच उघडलं जाणार, हेही.

आमच्याच टीममधला एक मुलगा या चार ओळींचा वस्ताद आहे. गेल्या वर्षी त्याचा निकाह झाला. तीन आठवड्यांनी दोघं जर्मनीला निघणार होते. घरी जेवायला आले तेव्हा व्हिसाच्या फाइलमध्ये निकाहनामा होता, तो मी सवयीने वाचला. एक पान. नावं, वडिलांची नावं, मेहरची रक्कम, वकील, दोन साक्षीदार, काझीसाहेबांचा शिक्का. मी विचारलं, "का रे, यावर कुठल्या देशाचा कायदा लागू?" तो हसला. "आपा, निकाह आहे हा, प्रोजेक्ट नाही." त्याची बायको मात्र हसली नाही. तिने पान पुन्हा हातात घेतलं आणि मागची बाजू उलटून बघितली. मागे काही नव्हतं.

हे लिहायला बसले ती त्या कोऱ्या बाजूमुळे.

इस्लाममध्ये लग्न हा संस्कार नाही, करार आहे, हे आपण किती अभिमानाने सांगतो! कॉलेजातल्या वादविवादात सांगतो, टीव्हीवर सांगतो, शेजारच्या काकूंना सांगतो. आमच्याकडे मुलीची संमती विचारतात, मेहर ठरतं, अटी घालता येतात. सगळं खरं. मग हा करार इतका दरिद्री का? दुकानाचा गाळा भाड्याने घेताना आपण यापेक्षा जास्त लिहून घेतो. आणि हा निकाह पुण्यात होतो, संसार टेक्सासात किंवा म्युनिकमध्ये होतो, मूल कुठे तिसरीकडेच जन्मतं. करार मोडला तर कुणाच्या कायद्याने मोडायचा, याबद्दल त्या पानावर एक अक्षर नसतं.

अक्षर नसलं म्हणून निवड होत नाही असं नाही. निवड होतेच. फक्त ती एकटा करतो.

माझ्या ओळखीच्या घरातली गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगी इथेच फेज वनमध्ये टेस्टिंगला होती. निकाह कॅम्पात, थाटात. मेहर उधार. नवरा अमेरिकेत, म्हणून ती नोकरी सोडून डिपेंडंट व्हिसावर गेली. त्या व्हिसावर तिला तिथे कामाची परवानगी नव्हती. दोन वर्षांनी बाळंतपणाला माहेरी आली आणि परतीचं तिकीट रद्द झालं. मग एक दिवस मेलवर कोर्टाचे कागद आले. तीस दिवसांत उत्तर द्या. वकिलाची फी डॉलरमध्ये, व्हिसा नवऱ्याच्या हातात, मांडीवर चार महिन्यांचं मूल. ती गेली नाही, जाऊ शकली नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला आणि वर्षाच्या आत त्याने दुसरं लग्न केलं.

पुढचं ऐका. तिच्या अब्बांनी फोन करून मेहर मागितलं. उत्तर आलं, इथल्या कोर्टाने मेहरबद्दल काही म्हटलेलं नाही. मग तिच्या वकिलाने त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे संसारात कमावलेल्या मालमत्तेचा वाटा मागितला. उत्तर आलं, आपण मुसलमान आहोत, आपल्यात मेहर आणि इद्दतीचा खर्च, एवढंच असतं. म्हणजे सुटताना अमेरिकेचा कायदा, देताना शरीयत, आणि शरीयतीतलं मेहर मागितलं की पुन्हा अमेरिका. हा माणूस पाच वेळा नमाज पढतो. मी त्याच्या ईमानावर बोलत नाही, ते अल्लाह जाणे. मी त्याच्या हिशेबावर बोलते आहे.

आता सांगा, ती घटस्फोटित आहे की नाही? अमेरिकेत आहे. भारतात बहुधा नाही. का, ते समजायला दोन निकाल पाहावे लागतात, आणि दोन्ही लिहिणारे न्यायमूर्ती आपल्याच भागातले. पहिला १९७४चा, सत्या विरुद्ध तेजा सिंग. पंजाबातला नवरा शिकायला अमेरिकेत गेला, पुढे नेवाडा राज्यात आपण कायमचे राहतो असं दाखवून घटस्फोट घेऊन आला. न्या. यशवंत चंद्रचूड, जन्म पुण्याचा आणि वकिलीचं शिक्षण इथल्याच लॉ कॉलेजातलं, यांनी लिहिलं की हा अधिवास खोटा, हा हुकूमनामा आम्ही मानत नाही. दुसरा १९९१चा, वाय. नरसिंहराव विरुद्ध वाय. व्यंकटलक्ष्मी. लग्न तिरुपतीला, घटस्फोट मिसुरीत. निवृत्तीनंतर पुण्यातच राहिलेले न्या. पी. बी. सावंत यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३चा अर्थ लावून नियम घालून दिला. ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्या कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयाने आणि त्याच कायद्यातल्या कारणावर घटस्फोट दिला असेल, तरच तो इथे चालेल. अपवाद तीन. बायको तिथेच कायम राहत असेल आणि कारणही आपल्या कायद्यातलं असेल तर. ती स्वतःहून हजर होऊन, आपल्याच कायद्यातल्या कारणावर तिथे खटला लढली असेल तर. किंवा तिने घटस्फोटाला संमती दिली असेल तर. हा तिसरा अपवाद लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

निकाल चांगलाच. त्याने हजारो मैलांवरून आलेल्या कागदापासून बायकांना वाचवलं. पण या वाचवण्याची एक किंमत आहे आणि ती आपल्या मुली जास्त मोजतात. नवरा हिंदू असेल तर पहिलं लग्न भारतात कायम धरलं जातं आणि दुसरं लग्न केल्याबद्दल त्याच्यावर गुन्हा उभा राहू शकतो. नरसिंहराव खटला तसाच सुरू झाला होता. मुसलमान नवऱ्याला ती भीती नाही, कारण त्याला एकाहून जास्त बायका करायला आपला कायदा मोकळीक देतो. पण मुसलमान बायकोला ती मोकळीक नाही. तिने दुसरा निकाह केला आणि पहिला भारतात कायम आहे असं ठरलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२खाली आरोपी ती. त्याचं लग्न लंगडं झालं तर तो दुसऱ्या पायावर चालतो. तिचा एकच पाय आहे.

आणि २०१९चा तिहेरी तलाकचा कायदा? तो इथे कामाचा नाही. व्हॉट्सॲपवर तीनदा तलाक लिहिला असता तर तो रद्दबातल ठरला असता आणि नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकली असती. पण या माणसाने तलाक हा शब्दच उच्चारला नाही. त्याने वकील केला. सरकारने ज्या तोंडावर हात ठेवला, ते तोंड परदेशी पगार असलेल्या नवऱ्याने उघडायचं कारणच उरलेलं नाही.

तिच्यापुढे रस्ता एकच राहतो. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात १९३९च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली अर्ज करायचा. दोन वर्षं पोटगी दिली नाही हे कारण चालतं, म्हणजे आधी दोन वर्षं उपाशी राहिल्याचं सिद्ध करायचं. खुला मागावा तर सासरकडून निरोप येतो, मग मेहर सोड. ज्याने केव्हाच दुसरं घर मांडलं त्याच्याकडून सुटका विकत घ्यायची!

हा प्रश्न घेऊन मी आमच्या जमातीतल्या एका बुजुर्गांकडे गेले होते. मोठे भले गृहस्थ, अनेकांच्या मुलींची लग्नं त्यांनी जमवली आहेत. म्हणाले, "बेटी, शादीच्या दिवशी तलाकची बात नको. बरकत जाते." मी विचारलं, "चाचा, उधार मेहर कशासाठी लिहितात? तलाक किंवा मौत, दोन्हींपैकी एकासाठीच ना? मग ती बात तर आपण रोजच लिहितो." ते गप्प बसले, मग चहा मागवला. उत्तर अजून आलेलं नाही.

दुसरं उत्तर जास्त वजनदार असतं. मुसलमानाला शरीयत सोडून दुसरा कायदा निवडायचा अधिकारच काय? कायदा एकच, तो निवडायचा नसतो, पाळायचा असतो. हे ऐकून आपण गप्प होतो, कारण आपला इतिहास आपल्याला ठाऊक नाही. म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

आपल्या पुण्यातल्या मशिदींत हनफी आणि कोकणी दोन्ही असतात. रत्नागिरी, चिपळूण, श्रीवर्धनकडचे आपले लोक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. शाफई मतात कुमारिकेचा निकाह वलीशिवाय होत नाही. हनफी मतात सज्ञान मुलगी स्वतःचा निकाह स्वतः करू शकते. १८६४मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक खटला आला, मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद. शाफई घरातल्या मुलीने वडिलांच्या परवानगीशिवाय, हनफी मत पत्करून निकाह केला होता. न्यायालयाने सांगितलं, वयात आलेल्या मुस्लिम स्त्रीला चार सुन्नी मतांपैकी हवं ते निवडता येतं, आणि तिची कृती त्या मताच्या नियमाने तपासली जाईल. एकशे साठ वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मुलीने आपल्या निकाहाला लागू होणारा कायदा निवडला होता. तेव्हा मुंबईत आगगाडी सुरू होऊन फार वर्षं झाली नव्हती. आज आपली इंजिनिअर मुलगी लॅपटॉप घेऊन अटलांटिक ओलांडते आणि तिला सांगतात, कायदा निवडायचा नसतो.

उलेमांनी तरी काय केलं? १९३०च्या दशकात हिंदुस्थानात बायका नको असलेल्या नवऱ्यापासून सुटण्यासाठी इस्लाम सोडू लागल्या होत्या, कारण हनफी मतात बेपत्ता किंवा छळ करणाऱ्या नवऱ्यापासून सुटायला त्यांना जवळजवळ वाटच नव्हती. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांच्यासारख्या कट्टर हनफी आलिमाने मालिकी मताचा आधार घेऊन वाट काढली. १९३९चा कायदा त्याच वाटेवरून आला. म्हणजे ज्या कायद्याखाली ही मुलगी आज शिवाजीनगरला अर्ज करणार, तोच मुळात निवडीतून जन्मलेला आहे. मदिन्यातल्या इमामांचं मत देवबंदजवळच्या थानाभवनला बसून निवडता येतं, तर दोन माणसांनी आपल्या संसाराचा कायदा आधी ठरवून लिहिण्यात कोणता कुफ्र आहे?

आता उलट बाजू. निवडीचा अधिकार म्हणजे वाटेल तेव्हा कायदा बदलण्याचा अधिकार नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाचाच दुसरा खटला, रोबासा खानम विरुद्ध खोदादाद बोमनजी इराणी, १९४६चा. दोघं झरतुष्ट्री, लग्न इराणमध्ये त्यांच्या रिवाजाने झालेलं, संसार मुंबईत. पुढे बायको मुसलमान झाली, नवऱ्याला इस्लामचं आमंत्रण दिलं, त्याने नाकारलं, तेव्हा ती म्हणाली, शरीयतीप्रमाणे आमचं लग्न आता तुटलं. न्यायालयाने नाही म्हटलं. अपिलात न्या. एम. सी. छागला होते, स्वतः मुसलमान, पुढे याच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. दोघांनी ज्या कायद्याखाली लग्न केलं, तो एकाने एकट्याने पुसून टाकायचा नाही, हा त्या निकालाचा गाभा. आपल्या काही लोकांना हा निकाल तेव्हा खटकला असेल. मला तो आपल्या बाजूचा वाटतो. १९९५मध्ये सरला मुद्गल खटल्यात दुसऱ्या बायकोसाठी इस्लाम स्वीकारणाऱ्या हिंदू नवऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने तेच ऐकवलं. नेवाडात खोटा पत्ता दाखवणारा तेजा सिंग आणि दुसऱ्या लग्नापुरता कलमा पढणारा माणूस, दोघांची युक्ती एकच.

१८६४ आणि १९४६ शेजारी ठेवा. लग्नाआधी, उघडपणे, स्वतःसाठी निवडलेला कायदा न्यायालयाने मानला. लग्नानंतर, एकट्याने, दुसऱ्यावर लादलेला मानला नाही. मला एवढंच हवं आहे. आधी, दोघांनी, लेखी. नंतर, एकट्याने, गुपचूप, हे नको.

शरीयतीचं नाव घेऊन हीच युक्ती करणारेही आहेत, आणि ते आपण लपवू नये. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये अलीम विरुद्ध अलीम हा खटला निकाली काढला. पाकिस्तानी जोडपं, निकाह कराचीत १९८०मध्ये, संसार वीसहून जास्त वर्षं मेरीलँडात, नवरा जागतिक बँकेत. बायकोने तिथल्या कोर्टात अर्ज केला, तर हा उठून वॉशिंग्टनच्या पाकिस्तानी वकिलातीत गेला आणि तलाकनामा करून आला. तलाक झाला, मेहर सुमारे २५०० डॉलर, पेन्शनमध्ये तिचा वाटा शून्य, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने ते फेटाळलं आणि पेन्शनचा अर्धा वाटा तिला मिळाला. मेरीलँडात बसून कराचीचा कायदा आणि पुण्याच्या मुलीसाठी मेरीलँडसारखा कायदा. जिथे स्वस्त पडेल तिथला.

तिसरं उत्तर टीव्हीवरचं. समान नागरी कायदा आणा, सगळं सुटेल. उत्तराखंडात तो जानेवारी २०२५पासून लागू झाला. त्यावर माझी मतं आहेत, ती दुसऱ्या वेळी. पण या प्रश्नाला तो हातही लावत नाही. भारतात उद्या एकच कायदा झाला तरी लंडनचा न्यायाधीश लंडनचाच कायदा लावणार. तिथे ६ एप्रिल २०२२पासून कुणाचाही दोष न दाखवता घटस्फोट मिळतो. हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही, म्हणून हिंदू जोडप्यांचीही लग्नं याच दोन देशांच्या मध्ये लोंबकळतात. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधली कुलकर्णी आडनावाची मुलगीही अशीच अडकू शकते. उलट गंमत अशी, की दोघांच्या राजीखुशीने वेगळं व्हायची मुबारातची वाट आपल्याकडे शतकानुशतकं आहे, हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचा घटस्फोट १९७६मध्ये आला. या एका बाबतीत आपला कायदा लंडनच्या जास्त जवळ आहे, आणि आपण त्याचा वापर करत नाही.

सरकारबद्दल थोडक्यात. कायदा आयोगाने परदेशी घटस्फोटांच्या मान्यतेवर १९७६मध्ये अहवाल दिला, पासष्टावा. फेब्रुवारी २०२४मध्ये अनिवासी भारतीयांच्या लग्नांवर पुन्हा दिला, दोनशे सत्त्याऐंशीवा. मध्ये २०१९ला राज्यसभेत एक विधेयक आलं, त्यात भर सगळा तीस दिवसांत नोंदणी आणि नाही केली तर पासपोर्ट जप्ती यावर. कुठल्या देशाचा कायदा, हा प्रश्न बाजूलाच. घटस्फोटांच्या मान्यतेचा हेग करार १९७०चा, त्यातही भारत नाही.

करता येत नाही असं मात्र नाही. युरोपीय संघात २०१२पासून एक नियम लागू आहे, तो जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटलीसह आता सतरा देशांत चालतो. नवराबायको लेखी, तारीख घालून, दोघांच्या सहीने ठरवू शकतात की घटस्फोट झालाच तर कुठल्या देशाचा कायदा लागेल. पण वाटेल तो नाही. दोघं जिथे राहतात किंवा शेवटचे एकत्र राहत होते तिथला, दोघांपैकी एकाच्या नागरिकत्वाचा, किंवा खटला जिथे चालेल तिथला. आणि एक कुंपण. निवडलेला कायदा पुरुषाला आणि स्त्रीला घटस्फोटाचा सारखा हक्क देत नसेल, तर तो बाजूला ठेवून न्यायालय आपल्या देशाचा लावतं. घरबसल्या उच्चारलेला तलाक या नियमात येतच नाही, असं त्यांच्या न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये एका सीरियन तलाकच्या खटल्यात सांगितलं. आपल्या शेजारच्या गोव्यातही लग्नाआधी करारपत्र करून मालमत्तेची पद्धत ठरवता येते. तिथे त्यामुळे कुणाची बरकत गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

यावर माझ्या एका मैत्रिणीचा आक्षेप आहे आणि तो मला छळतो. ती कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. म्हणाली, "लिहून घ्यायची ताकद कुणाकडे असते? मुलाच्या बापाकडे. उद्या प्रत्येक निकाहनाम्यात छापील ओळ येईल, दुबईचा कायदा लागू. मुलगी सही करेल, आज करते तशीच." खरं आहे. म्हणूनच ते युरोपचं कुंपण हवं. म्हणूनच मुलाचा ताबा आणि पोटगी या निवडीच्या बाहेर हव्यात. मुलीचा सल्लागार वेगळा हवा, आणि सही मांडवातल्या गोंगाटात न होता आठवडाभर आधी व्हायला हवी. तरी तिचा आक्षेप पुरता संपत नाही. पण आज ती सही न करता जो कायदा तिच्यावर पडतो, तो तिने निवडलेला तरी कुठे आहे?

कायदा येईपर्यंत काय करायचं? आज भारतातलं न्यायालय असं कलम बांधील मानेलच, असं सांगणं म्हणजे फसवणूक होईल. पण कागद वाया जाणार नाही. सावंतसाहेबांचा तिसरा अपवाद आठवा, संमती. दोघांनी आधीच लिहिलेलं असेल की अमुक देशातलं न्यायालय आणि तिथला कायदा आम्हाला मान्य आहे, दुसऱ्याला रीतसर नोटीस आणि येण्याजाण्याचा खर्च दिल्याशिवाय कुणी अर्ज करणार नाही, तर उद्या इथे तो पुरावा म्हणून ठेवता येईल. अटीशिवाय नुसती सही मात्र देऊ नका, ती संमती तुमच्याच विरुद्ध वापरली जाईल. मेहर कुठल्या चलनात आणि किती मुदतीत, तेही लिहा. सगळ्यात महत्त्वाचं, तलाक-ए-तफवीज. ठरलेल्या परिस्थितीत तलाकचा अधिकार नवरा बायकोला सोपवतो, आणि भारतातली न्यायालयं तो मानत आली आहेत. पाकिस्तान आणि बांगलादेशच्या छापील निकाहनाम्यात त्यासाठी रकानाच असतो. आपल्या मोहल्ल्यात काझीसाहेबांना विचारलं की म्हणतात, अशी पद्धत नाही. पद्धत नाही, मनाई तर नाही ना? 'नवरा सलग सहा महिने परदेशात वेगळा राहिला, किंवा परदेशी न्यायालयात एकट्याने अर्ज केला, तर' एवढी एक ओळ असती, तर ती मुलगी आज मोकळी असती.

ज्यांना याहून पक्कं हवं, त्यांनी निकाहानंतर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करावी. दोघं एकवीस वर्षांची हवीत, तीस दिवसांची नोटीस लागते. त्यानंतर तोंडी तलाक नाही, दुसरी बायको नाही, आणि वारसाही भारतीय उत्तराधिकार कायद्याने. ईमान जागच्या जागी राहतं. हीसुद्धा कायद्याची निवडच आहे, फक्त तिला कुणी त्या नावाने हाक मारत नाही. आणि निकाह लंडनला करणार असाल तर मशिदीबरोबर तिथली दिवाणी नोंदणीही करा. साउथहॉलच्या एका रेस्टॉरंटमध्ये १९९८ला झालेला निकाह तिथल्या अपील न्यायालयाने २०२०मध्ये लग्न म्हणूनच धरला नाही, रद्दबातल लग्न म्हणूनसुद्धा नाही. तोच निकाह पुण्यात कॅम्पात झाला असता तर लंडनमध्ये लग्न ठरला असता.

मागच्या रविवारी जर्मनीहून फोन आला. तो मुलगा नव्हता, त्याची बायको होती. तिने तिथला नियम शोधून काढला होता. निकाह होऊन गेला तरी कायद्याची निवड नंतरही करता येते, खटला सुरू होण्याआधी कधीही, फक्त तिथे ती नोटरीसमोर करावी लागते. तिला विचारायचं होतं की जर्मनीचा घ्यावा की भारताचा. मी तिला दोन्हींचे फायदे-तोटे सांगितले, आणि सांगितलं की नवऱ्याने गाठलेल्या वकिलाला विचारू नकोस, तुझा वेगळा बघ. मागून त्याचा आवाज आला, "आपा, तुम्ही माझ्या टीममध्ये आहात की तिच्या?" पुढच्या महिन्यात नोटरीची वेळ मिळाली आहे. मसुदा मला पाठवणार आहेत. ती दोन पानं करायचं म्हणते आहे, तो म्हणतो एक पुरे.